नाक्यावरची पाण्याची परीक्षा

आता तो नाका गेला आणि नाडकर्णीबाईंची फियाटही भंगारात गेली.

त्या काळी बाई रस्त्यावरची जखमी कुत्री बरी करून, डॉक्टरांकडून तपासून, लस टोचून, स्वतः गाडी हाकत नव्या घरी पोचवत. एकदा अशीच तीन कुत्री घेऊन जाताना भर उन्हात घाटमाथ्यावरच्या तपासणी नाक्यावर तिथल्या साहेबांनी गाडी अडवली. डॉक्टरांचा दाखला त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही.

"पिसाळलेलं जनावर पाण्याला घाबरतं," साहेब गुरगुरले. "पाणी दाखवा, मगच गाडी सुटेल!"

बाईंनी भांडं भरून ठेवलं. तिन्ही कुत्र्यांनी लपलप करत ते चाटूनपुसून रिकामं केलं.

साहेब घामाने निथळत होते. बाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं. साहेब दचकून मागे सरले. "शी! कुत्र्यांच्या गाडीतलं पाणी? लांब करा आधी ते!"

"अगबाई!" बाई म्हणाल्या. "साहेब, तुमच्या परीक्षेत माझी तिन्ही पास झाली हो. पाण्याला घाबरणारं इथे एकच निघालं. त्याला डॉक्टरांकडे न्यायला गाडीत जागा करू का?"

नाक्याचा दांडा झटकन वर गेला.

अजूनही नाका होता ते वळण आलं की बाई गाडी थांबवायला लावतात आणि मुद्दाम घोटभर पाणी पितात.