पपईचा निळा दोरा

त्या राज्यात अंकुराला दोन पानं फुटली की त्याचं आयुष्य ठरून जाई. सुगरण पक्षीण येई, पानं उलटसुलट करून पाही आणि देठाला दोरा बांधी. निळा दोरा म्हणजे कुंपणाशी उभं राहून लांब तुरे लोंबवायचे, फळ धरायचं नाही. पिवळा म्हणजे बागेच्या मधोमध राहून अंगाशी फळं वागवायची. दोरा चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, कारण चूक ठरवायचा अधिकारही सुगरणीकडेच होता.

पपईच्या एका रोपाला निळा दोरा आला. कमरेएवढं झाल्यावर ते म्हणालं, "मावशी, दोरा काचतो. मी पिवळ्या दोऱ्याचं आहे."

"फूल आलंय का तुला?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"तुम्हाला कसं कळलं होतं? तेव्हा तर दोनच पानं होती."

सुगरणीने तडक न्यायाधीश वडोबांकडे तक्रार नेली. वडोबांनी एकदा पारंब्या टेकल्या की त्यांना कोणी हलवू शकत नसे. त्यांनी हुकूम दिला: बहरात तुरे लोंबले नाहीत, तर रोप मुळासकट उपटावं. तोवर तज्ज्ञांचं मत घ्यावं.

मुंगळा मातीत शिरून बियाचं टरफल हुंगून आला. "सगळं बियातच असतं, वडोबा. आईबापाकडून आलेलं."

मावा पानामागे रस पीत होता. तोंड न पुसता म्हणाला, "बी काय करतंय? कोवळेपणी रस जसा चढेल तसं झाड घडतं."

"बी माझंच आणि रसही माझाच," रोप म्हणालं. पण रोपाची साक्ष घ्यायची तिथे पद्धत नव्हती. शेजारची केळ म्हणाली, "माझ्या संगतीने बिघडलं म्हणू नका." तसं अजून कोणी म्हटलंच नव्हतं.

शेवटी सुतारपक्ष्याला बोलावलं. न ऐकणाऱ्या झाडाच्या खोडात खिळा ठोकायचा, हा त्याचा वाडवडिलांपासूनचा उपाय. दुखेल का, असं रोपाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला तरी आजवर कधी दुखलं नाही."

खिळा अर्धाच गेला, डोकं बाहेर राहिलं. जखमेतून चीक गळत राहिला आणि रोप धास्तावून बहराची वाट पाहू लागलं.

बहर आला. एकही तुरा लोंबला नाही. फुलं खोडाला बिलगून आली आणि त्यांची फळं झाली.

उपटणारे आले ते नेमके फळं पिकल्यावर. मुंगळा आणि मावा एकाच फोडीवर बसून आपापलं म्हणणं खरं ठरल्याचं एकमेकांना सांगत होते. वडोबांचा हुकूम कायम होता. फक्त फळं संपेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि फळं काही संपेनात.

एक फळ खाली पडून फुटलं. काही दिवसांनी तिथे अंकुर आले. सुगरण चोचीत दोन्ही दोरे घेऊन उतरली. तिने पानं उलटसुलट केली. पुन्हा केली.

"काय दिसतंय, मावशी?" वरून पपईने विचारलं.

"दोन पानं," सुगरण म्हणाली. तिने दोन्ही दोरे खिळ्याला अडकवले आणि शेजारच्या देठावर बहराची वाट पाहत बसली.