गागूची खारीक फ्रिजखाली

दूर दूर, बर्फाच्या देशात, एक होती गागू. गागूला दात नव्हता. पण हिरडी शिवशिवायची. शिव शिव, शिव शिव!

घरात चावायला काय कमी? दात येताना चावायची बिस्किटं. गाजराच्या फुसक्या कांड्या. तांदळाच्या चकत्या, चव पुठ्ठ्याची. सगळं पाकिटातलं, म्हणजे चांगलंच असणार!
गागू म्हणाली, "थू!"

साताऱ्याच्या आजीने मग एक खारीक पाठवली. चांगली लांब, दोरा बांधलेली. दोरा मोठ्यांनी धरायचा, खारीक बाळाने चोखायची. चुप चुप, चुप चुप!
दोरा होता बाबाच्या हातात. बाबाचे डोळे होते फोनमध्ये. दोरा सुटला. खारीक गेली गडगड गडगड, थेट फ्रिजखाली.

गागू रांगली, थपक थपक.
"बाबा बाबा, फ्रिज हलव!"
बाबा म्हणाला, "आई हो म्हणाली तर हलवीन." शूर हो आमचा बाबा!

गागू रांगली, थपक थपक.
"आई आई, हो म्हण! बाबा फ्रिज हलवेना, खारीक मिळेना, शिवशिव थांबेना!"
आई म्हणाली, "खारकेवर पाकिटासारखं काही लिहिलेलंच नाही गं! फोनमधल्या मावश्या हो म्हणाल्या तर म्हणीन."

गागू रांगली, थपक थपक.
"मावश्या मावश्या, हो म्हणा! आई हो म्हणेना, बाबा फ्रिज हलवेना, खारीक मिळेना, शिवशिव थांबेना!"
टिंग टिंग टिंग! दोनशे मावश्या, चारशे मतं. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तर म्हणू."

गागूने फोनवर बोट ठेवलं. ट्रिंग ट्रिंग!
"डॉक्टरीणबाई, हो म्हणा! मावश्या हो म्हणेनात, आई हो म्हणेना, बाबा फ्रिज हलवेना, खारीक मिळेना, शिवशिव थांबेना!"
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी दात दिसू दे. मग बघू."

"दाता दाता, वर ये! डॉक्टरीणबाई हो म्हणेनात, मावश्या हो म्हणेनात, आई हो म्हणेना, बाबा फ्रिज हलवेना, खारीक मिळेना, शिवशिव थांबेना!"
दात आतूनच म्हणाला, "आधी चावायला दे. मग येतो!"

घ्या! चावायला नाही तर दात नाही. दात नाही तर चावायला नाही. किती ती शहाणी माणसं!

गागूला आला राग. समोर होता बाबाच्या पायाचा अंगठा. जाडजूड, गुबगुबीत.
कच्च!
"आई गं!" बाबा ओरडला.
आई धावली. गागूच्या हिरडीला चमचा लावला. टिण्!
"अगं बाई, दात!"

मग काय! दात दिसला, डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, मावश्या हो म्हणाल्या. मावश्या हो म्हणाल्या, आई हो म्हणाली. आई हो म्हणाली, बाबाने फ्रिज हलवला, हाश्श हुश्श! खारीक मिळाली. आईने ती धुतली. दोरा या वेळी आईनेच धरला.
चुप चुप, चुप चुप! शिवशिव थांबली.

आणि ती पाकिटं? टाकायची कशी? बाबा बसला खायला. एक बिस्किट चावलं, कुर्रम.
बाबा म्हणाला, "थू!"