टेकडी खाडीकडे राहायला गेली

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्यावं.

फार वर्षांपूर्वी समुद्रकाठी एक टेकडी आणि एक खाडी शेजारी राहत. टेकडीला आपल्या उंचीचा भारी तोरा. "नुसती चिखलात लोळतेस," ती खाडीला म्हणायची, "तुझ्याकडे कोण राहायला येणार?"

एके दिवशी भिवाजी मुकादम नगर वसवायला आला. त्याने दोघींना न्याहाळलं. "ही फार उंच, ती फार खोल. देवाला साधं सपाट करता आलं नाही बघा!" मग देवाची चूक सुधारायला माणसांनी कुदळी उचलल्या.

"तुझं आता काही खरं नाही गं बाई," टेकडी खाडीला म्हणाली, आणि पहिला घाव तिच्याच माथ्यावर बसला. घमेल्याघमेल्याने ती खाडीत पडू लागली.

"अहो, मला कशाला? मी चांगली उंच आहे!"

"ये ताई, बस," खाडी म्हणाली. "कोणी येत नाही म्हणत होतीस ना? तूच आलीस."

भरावावर झकास नगर उभं राहिलं. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला खाडी आपल्या जुन्या जागी परतली, तेव्हा लोक ओट्यांवर चढून ओरडले, "घरात शिरते म्हणजे काय? केवढा हा आगाऊपणा!"

"टेकडीवर पळा!" मुकादम गरजला. सगळे पळाले. तिथे खड्डा होता, काठोकाठ भरलेला.

घरांखाली चिखल होऊन पडलेली टेकडी सगळं ऐकत होती. मुकादम आता तरी चूक कबूल करेल, असं तिला वाटलं. त्याने केलीच. भराव कमी पडला, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवा फेटा बांधून शेजारच्या गावाला गेला, टेकडी बघायला.