एक्केचाळीस नकार

"पण सर, नियम चुकीचा होता का?"

श्रीरंग टिळेकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मुजावर सर ओसरीवर वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

एका रक्तपेढीचा सर्व्हर सरांनी अठरा वर्षं सांभाळला होता. निवृत्त होताना तो त्यांनी आपल्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्याच्या, श्रीरंगच्या, हाती दिला. महिन्याभरात श्रीरंगनं त्याची दारं बंद करून टाकली. यादीत ज्यांचे पत्ते, त्या एकोणीस आरोग्य केंद्रांच्या संगणकांनीच आत यायचं. बाकी कुणी नाही, हा त्याचा नियम. प्रत्येक केंद्रात विचारून मग यादी कर, असं सरांनी सुचवलं होतं. श्रीरंग नुसता हसला होता. पत्ते कागदावर होतेच की.

दहाणवाडीच्या केंद्रात आठवड्यापूर्वी नवं इंटरनेट कनेक्शन आलं आणि तिथल्या संगणकाचा पत्ता बदलला. त्या खोऱ्यात फोन लागत नाही. मंगळवारी सकाळी एका अडलेल्या बाईसाठी तिथून रक्ताची मागणी आली, ती सर्व्हरनं दारातूनच परत पाठवली. शेवटी केंद्राची जीप निघाली. रक्त घेऊन ती परत पोचेस्तोवर दुपार कलली होती.

बाई वाचली. बाळ नाही.

"नियम बरोबर होता," सर म्हणाले.

श्रीरंगला बोलणी खायची होती. निदान तेवढं तरी...

सर्व्हरनं कुणाकुणाला परत पाठवलं, त्या नोंदींचा कागद तो घेऊन आला होता. सरांनी तो त्याच्याच हातात दिला.

"वाच. मोठ्यानं."

तो वाचू लागला. तोच आकड्यांचा पत्ता, तोच नकार. बदलत होती फक्त वेळ. सात वाजून बारा मिनिटं. सात चौदा. सात पंधरा... तिसाव्या ओळीला तो थांबला.

"अजून आहेत," सर म्हणाले.

एक्केचाळीस ओळी वाचून झाल्या.

"पलीकडे कोण बसलं होतं?" सरांनी विचारलं.

"एकशे बहात्तर, सोळा..." श्रीरंगच्या तोंडून पत्त्याचे आकडेच निघाले.

सर त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"उद्या दहाणवाडीला जातो," तो खाली बघत म्हणाला. "मागणी पाठवणाऱ्या नर्सबाईंना भेटतो. पण सर, तोंड उघडून पहिलं म्हणू तरी काय?"

"त्यांचं नाव विचार," सर म्हणाले.