म्हाळूच्या लुगड्याची घडी

खट् धप्प. खट् धप्प.

असा आवाज होता बरं का. तुमचा हा आजा तुमच्याहूनही लहान होता, तेव्हा त्यानं ऐकलेला. शेजारच्या घरात माग होता. धोटा इकडून तिकडे पळायचा, तो खट्. मग फणी सुताला दाबून बसवायची, ती धप्प. त्या आवाजात झोप फार गोड लागायची. आता डोळे मिटा. मिटूनच ऐका. आला का कानात? मग त्याच्या मागं मागं चला, हळूहळू. कुठं नेतो ते बघा.

तो नेतो एका नदीकाठच्या गावाला. त्या गावात एक मुलगी होती. म्हाळू तिचं नाव. तिला आई नव्हती, बाप नव्हता. सखोबा नावाच्या म्हाताऱ्या विणकराकडं ती कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटातली सुताची गुंडाळी. दिवसभर रहाट फिरवायचा आणि कांड्या भरायच्या. तिच्याकडं दोन लुगडी होती, दोन्ही कुणीकुणी दिलेली. धुऊन धुऊन अशी विटली होती, की आपला मूळ रंग कोणता ते त्या लुगड्यांनाही सांगता आलं नसतं.

पण म्हाळूला नेसण्याचं वेड भारी. गावात लग्न निघालं की ही सगळ्यांच्या आधी हजर. जेवायला नव्हे हं. कोण काय नेसून आलंय ते बघायला. बारसं असो, जत्रा असो, म्हाळू कोपऱ्यात उभी आणि डोळे भिरभिर. घरी येऊन सखोबाला सांगायची, "आबा, आज डाळिंबी लुगड्यावर राघूच्या रंगाची चोळी बघितली. अस्सं गोड दिसत होतं!" सखोबा म्हणायचा, "जेवलीस का तिथं?" तेव्हा तिला आठवायचं, की जेवायचं राहिलंच.

नदीवर खंड्या दिसला की ती घागर तशीच ठेवून बघत बसायची. निळी पाठ, तांबूस पोट. म्हणायची, "बघा, ह्याला रंग जुळवायला कुणी शिकवलं असेल?" मग गावातल्या बायका तिला विचारायला यायच्या. "म्हाळू, आमसुली लुगड्यावर कोणती चोळी घालू गं?" ती खंड्याला आठवायची, पळसाला आठवायची, दुधीच्या फुलाला आठवायची, आणि सांगायची. तिचं सांगणं कधी चुकलं नाही.

आता एक गंमत सांगतो. त्या गावात नवं लुगडं आपलं आपण आधी नेसायचं नाही, अशी रीत होती. आधी ते दुसऱ्या कुणाला तरी नेसायला द्यायचं. तिनं ते दिवसभर नेसायचं, संध्याकाळी परत द्यायचं. ह्याला म्हणायचं घडी मोडणं. का बरं असं? तर त्या गावातली लुगडी जरा वेगळी होती. आपला पहिला दिवस ती कधी विसरत नसत. पहिल्या दिवशी नेसणारी हसली, तर ते लुगडं जन्मभर हसरं. ती रुसली, तर जन्मभर रुसकं. मग कितीही नीट नेसा, निऱ्या फिसकटायच्याच.

आणि घडी मोडावी तर म्हाळूनं. गावातलं झाडून सारं नवं लुगडं तिच्याकडं यायचं. ती ते नेसायची, आरशासारख्या पाण्यात वाकून बघायची, आणि मग दिवसभर आनंदात राहायची. पोट दुखत असलं तरी आनंदात. का? तर लुगड्याला वाईट आठवण राहू नये म्हणून. नवं लुगडं कसं असतं, तान्ह्या वासरासारखं. पाय कुठं टाकावा कळत नाही. म्हाळू त्याला चालायला शिकवायची. संध्याकाळी घडी घालून परत द्यायची, आणि आपलं विटकं नेसून रहाटावर बसायची.

असं रोज. रोज नवं लुगडं, आणि एकही तिचं नाही.

त्या राज्याची एक राणी होती. तीसुद्धा नेसण्याची हौशी. दर वर्षी ती नेसणीचा मेळा भरवायची. सकाळच्या कोवळ्या उन्हात साऱ्या बायका आपलं नवं लुगडं नेसून तळ्याच्या काठाकाठानं चालत जायच्या. राणी वाड्याच्या पायऱ्यांवर बसून बघायची. मेळ्याचे नियम दोनच. लुगडं उसनं नको. आणि कोऱ्या घडीचं नको. म्हाळू दर वर्षी चिंचेवर चढून बघायची. सगळी लुगडी तिच्या ओळखीची. खालून जाताना ती सळसळायची, जणू हाक मारायची. आणि म्हाळूला वाटायचं, एकदा, एकदाच, आपण खालून चालावं आणि चिंचेवरून दुसऱ्या कुणी बघावं.

एक दिवस ती सखोबाला हे बोलली. सखोबानं हातातला धोटा खाली ठेवला आणि म्हणाला, "सूत आण. विणून देतो."

सूत कुठून आणणार? म्हाळू नदीवर गेली. मेळा पाच दिवसांवर आलेला. गावभर धुणं निघालेलं. नदीच्या वाळवंटात दोऱ्या बांधून लुगडी वाळत घातलेली. मोरपिशी, अंजिरी, अबोली, हळदी, गुलबक्षी. वारा आला की सगळी एकदम फुगायची, एकदम खाली बसायची. जसं काही ती झोपेत श्वास घेत होती. म्हाळू त्यांच्यामधून चालायला लागली.

मग काय झालं, ती मोरपिशी लुगड्याजवळून गेली आणि एक धागा हळूच सुटून तिच्या खांद्यावर येऊन बसला. पुढं गेली, तर अंजिरी धागा. मग अबोली. लुगड्यांनी तिला ओळखलं होतं! हिनंच तर आपल्याला चालायला शिकवलं. प्रत्येकानं एकेक धागा सोडला. काठ उसवला नाही, पदर विरला नाही, कुणाचं काही कमी झालं नाही. म्हाळू दोरीच्या शेवटाला पोचली, तेव्हा तिच्या अंगाखांद्यावर धागेच धागे. गवतावर कोळ्याचं जाळं उन्हात चमकतं ना, तशी ती चमकत होती.

मग सखोबा मागावर बसला. खट् धप्प. पहिल्या दिवशी काठ झाले. खट् धप्प. दुसऱ्या दिवशी अंग झालं. तिसऱ्या दिवशी पदर. लुगड्याचा रंग विचाराल तर सांगता यायचा नाही. उभं राहिलं तर अंजिरी वाटायचं, वळलं तर मोरपिशी, आणि उन्हात धरलं तर पिकत आलेल्या आंब्यासारखं. सखोबानं त्याची घडी घातली आणि म्हाळूच्या मांडीवर ठेवली.

म्हाळू घडीवरून हात फिरवत राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं. ह्याची घडी मोडायची कुणी? सगळ्यांची घडी मोडणारी ती. तिची कोण मोडणार? आणि मेळ्याला तर मधे एकच दिवस उरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पाटलीणबाईंकडं गेली. पाटलीणबाईंनी लुगडं बघितलं, डोळे विस्फारले, हात पुढं केला आणि मागं घेतला. "अगं बाई, आज नको. आज जाऊबाई यायच्यात. आल्या की भांडण ठरलेलं. तुझं लुगडं जन्मभर भांडकुदळ व्हायचं."

मग ती चंपाकाकू कासारणीकडं गेली. काकू म्हणाली, "माझा गुडघा बघ, भोपळा झालाय नुसता. तुझं लुगडं लंगडत चालेल गं बाई."

मग ती भागूआत्याकडं गेली. भागूआत्या दारातच बसली होती. तिची लेक सकाळीच सासरी गेलेली. तिनं लुगड्याकडं नुसतं बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हाळूनं लुगडं चटकन पाठीमागं धरलं, आणि तिच्याशेजारी थोडा वेळ बसून राहिली.

बघा बरं. तिघी चांगल्या होत्या. तिघींना द्यायचं होतं. पण आपला आजचा दिवस कुणाला देण्याजोगा आहे, असं एकीलाही वाटेना.

म्हाळू नदीवर आली. तिथं गिरजामावशी सूत रंगवत होती. ह्या गिरजामावशीचा नवरा फार वर्षांपूर्वी देवाघरी गेला होता. तेव्हापासून तिला कुणी रंगीत नेसू दिलं नव्हतं. घडी मोडायला तर कुणी बोलावतच नव्हतं. असलं काहीतरी होतं बाबा तेव्हा. का होतं, ते तुमच्या आजालाही कधी कळलं नाही. साऱ्या गावाचं सूत गिरजामावशी रंगवायची. तिच्या हातांना कोपरापर्यंत सगळे रंग, आणि अंगावर एकही नाही.

म्हाळूनं विचारलं, "मावशी, तुझा आजचा दिवस कसा आहे गं?"

"माझा? रोजच्यासारखा. सूत बुडवायचं, पिळायचं, वाळत घालायचं. मधे भाकरी खायची. का गं?"

"मग तोच दे मला." आणि म्हाळूनं लुगडं पुढं केलं.

गिरजामावशी दोन पावलं मागं सरली. "वेडी का काय तू? मला काय सांगतेस? लोक काय म्हणतील? आणि माझे हात बघ. डाग पडेल."

"पडू दे," म्हाळू म्हणाली. "आबांच्या मागावर येणारं सूत तूच रंगवतेस ना? मग हे रंग तुझेच."

मावशीनं हात धुतले. एकदा धुतले, परत धुतले, तिसऱ्यांदा धुतले. मग लुगडं नेसायला घेतलं. पहिली निरी निसटली. दुसरी वाकडी आली. मग हातांना आपोआप आठवलं. ती नेसली, उभी राहिली, आणि पाण्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदर खोचला आणि सूत बुडवायला बसली. दुसरं काय करणार? काम होतं ना. पण त्या दिवशी काम करता करता ती गुणगुणत होती. नदीपलीकडचा गुराखीसुद्धा कान देऊन ऐकत होता.

संध्याकाळी ती लुगडं घेऊन आली. तोंड उतरलेलं. घडी म्हाळूच्या हातात दिली आणि पदराचं टोक दाखवलं. तिथं एक निळा थेंब. करंगळीच्या नखाएवढा.

म्हाळूनं तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. आंबेरंगावर निळा. खंड्याच आठवला तिला. ती हसली. "नजर लागू नये म्हणून तीट लावलीस होय गं मावशी?"

मावशीनं तो थेंब परत एकदा बघितला, आणि तीही हसली.

मग मेळ्याची सकाळ आली. म्हाळू ते लुगडं नेसून तळ्यापाशी गेली. वाड्याच्या पायऱ्यांना लागूनच फाटक होतं. फाटकावर राणीची दासी, हातात काठी.

"लुगडं कुणाचं?"

"माझं."

"घडी कुणी मोडली?"

सगळ्या बायका वळल्या. खोटं सांगितलं असतं तर आत जाता आलं असतं. पण मग लुगडं काय म्हणालं असतं?

"गिरजामावशीनं," ती म्हणाली.

कुजबुज झाली. दासीनं काठी आडवी धरली. "तिनं? आणि हा पदराला डाग?"

"डाग नाही, तीट आहे," म्हाळू म्हणाली.

तेवढ्यात वारा आला. पदर उडाला आणि थेट पायऱ्यांवर बसलेल्या राणीच्या गालाला लागला. आता राणीचं एक दुःख होतं. तिच्याकडं हजार लुगडी, पण त्यांची घडी मोडायच्या तिच्या दासी. डाग पडेल, चुरगळेल, राणी ओरडेल, म्हणून दिवसभर भीत भीत उभ्या राहायच्या. म्हणून राणीची हजारच्या हजार लुगडी भेदरलेली. ती नेसून राणीला कधी नीट श्वाससुद्धा घेता आला नव्हता. आणि आता हा पदर गालाला लागला. राणीला वाटलं, आपण नदीत पाय सोडून बसलोय. ओल्या सुताचा वास येतोय. शेजारी कुणीतरी गुणगुणतंय. राणीनं मोठा श्वास घेतला. खांदे सैल सोडले.

"काठी खाली घे," ती दासीला म्हणाली. "जाऊ दे तिला."

म्हाळू तळ्याच्या काठानं चालली. अंजिरी, मोरपिशी, आंबेरंगी. चिंचेवर बसलेली पोरं बघतच राहिली. आणि पाटलीणबाई जाऊबाईंना म्हणाल्या, "ते चालणं बघा हो! आमच्याही पदराला पुढल्या साली एक निळी तीट पाहिजे." तेव्हापासून त्या गावात प्रत्येक पदराला एक निळा थेंब विणू लागले. म्हाळूला मग कांड्या भराव्या लागल्या नाहीत. सखोबा विणायचा आणि कुठं कोणता रंग ते ती सांगायची. पाटलीणबाई आणि जाऊबाई भांडायच्या थोड्या, पण नेसून नटून भांडायच्या. सगळी सुखात राहिली.

आता कूस बदला. पांघरूण घ्या गळ्यापर्यंत. जरासंच राहिलंय, ते झोपेत ऐकलं तरी चालेल.

मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी राणी एकटीच गिरजामावशीच्या दारात आली. हातात एक कोरी घडी. राणी म्हणाली, "बाई, माझी एवढी घडी मोडाल का?" गिरजामावशीनं तिच्याकडं बघितलं. आपले रंगलेले हात पुसले. घडी घेतली, छातीशी धरली, आणि नदीकडं चालू लागली.