डाळिंबीण आणि झिरपता माठ

ज्या वर्षी विहिरी तळाला गेल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. शेवंताकाकूंच्या परसात एक डाळिंबीण होती. तिला पाचच फळं धरली होती, आणि पाण्यावाचून तीही हातची जातील या काळजीनं ती सुकत चालली होती.

एके सकाळी काकूंनी तिच्या बुंध्याजवळ एक झिरपणारा जुना माठ गळ्यापर्यंत पुरला. भाजी धुतलेलं पाणी त्यात ओतलं आणि वर झाकणी ठेवली.

"आता मेलेच मी!" डाळिंबीण फणकारली. "माझ्या वाटचं पाणी या गळक्याच्या पोटात! तुला तर स्वयंपाकघरातूनही हाकललंय."

"हाकललंय खरं," माठ हसून म्हणाला, "पण बाई, रागावण्याआधी मुळं जरा इकडे सरकव."

डाळिंबीण आठवडाभर रुसून राहिली. तेवढ्यात एक फळ गळून पडलं. मग तिनं घाबरून एक मूळ माठाकडे लांबवलं, तर तिथली माती गार आणि ओली लागली. ती ओल भर दुपारीही आटत नव्हती.

उन्हाळा सरता सरता उरलेली चारही डाळिंबं लालबुंद झाली.

"दिसतात कशी गं?" माठानं विचारलं. "मी मातीत, डोक्यावर झाकणी. मला काहीच दिसत नाही."

काकूंनी पाणी ओतायला झाकणी काढली, तेव्हा डाळिंबिणीनं सगळ्यांत जड फांदी हळूच खाली वाकवली. माठातल्या पाण्यात लाल फळ लकाकलं.

"अबब!" माठ म्हणाला. "एवढं मोठं?"