काडेपेटीच्या घरातली काडी

फार पूर्वी, माझ्या तोंडात सगळे दात होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीत नलूने अंगणात मातीचा किल्ला केला. फुटक्या आरशाचं तळं, मोडक्या फणीचा जिना, कापसाची मेंढी आणि रिकाम्या काडेपेटीचं घर. रिकामी आपली नलूच्या मते! आत एक काडी राहिली होती.

तिला क्षणाची उसंत नव्हती. “मला बाहेर काढा! मला पेटायचंय!”

“गप बस, भवाने,” मेंढी घाबरून म्हणायची. तीही तुमच्यासारखीच शहाणी. “तू पेटलीस तर माझी राख होईल. घर फुकटात मिळालंय, राहा की सुखाने!”

पण हिरवळीसाठी पेरलेल्या मोहरीवर नलू रोज पाणी शिंपडायची. मोहरी तरारली आणि ओल काडीच्या डोक्यापर्यंत आली. काडी आणखीच तडफडू लागली. ओलं डोकं कधी पेटतं का?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी किल्ल्यावर पणती लावायची, तर घरातल्या काड्या संपलेल्या. आई ओरडली, “नले, तुझ्या त्या बंगल्यात बघ एखादी!”

नलूने काडी ओढली. नुसता धूर. मेंढी खुदकन हसली. पुन्हा ओढली, पुन्हा धूर. तिसऱ्यांदा मात्र फर्र! पणती लागली, तळं उजळलं, आणि जळकी काडी नलूने काडेपेटीच्या दारात पहारेकरी म्हणून खोचली.

“झाली हौस?” मेंढी म्हणाली. “घर गेलं, वर तोंडही काळं!”

काडी ऐटीत म्हणाली, “असू दे गं. आता शिंपडा म्हणावं पाणी, हवं तेवढं!”